फिर्यादीचे आजोबा आणि वरचं कोर्ट

मी आयुष्यात भिंतीला एकच भोक पाडलं. जेमतेम करंगळी जाईल एवढं. पण त्यातून मी आधी शेजारच्या घरात, तिथून पोलीस ठाण्यात आणि शेवटी थेट वरच्या कोर्टात जाऊन पोचलो. या गोष्टीला आता तीस वर्षं होत आली. तेव्हा माझे केस काळे होते आणि स्वतःबद्दलचं माझं मत फार चांगलं होतं.

मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे छापून आलेल्या मजकुरातल्या चुका लाल शाईने दाखवायच्या. ज्याला दिवसभर दुसऱ्याच्या चुका काढण्याचा पगार मिळतो, त्याला संध्याकाळी घरी आल्यावर एकदम थांबता येत नाही. इमारतीच्या फलकावर ‘पाणि येणार नाहि’ अशी सूचना लागली की मी ती दुरुस्त करत असे. पाणी तरीही येत नसे. त्यामुळे इमारतीत मला सगळे ‘शोधक’ म्हणत. सुरुवातीला मला तो मान वाटला. पुढे कळलं, तसं काही नव्हतं.

माझ्याकडे चौदा शब्दकोश होते आणि ते पलंगाखाली राहत. एक दिवस केर काढताना ‘प’ ते ‘भ’ या खंडाला आमच्या हिच्या पायाचा अंगठा आपटला. ती म्हणाली, “भिंतीवर फळी ठोकून घ्या. सुताराला बोलवा.”

“दोन भोकांसाठी सुतार?” मी म्हणालो. माणसाचा नाश करणारी वाक्यं अशीच छोटी असतात.

छापखान्याच्या वायरमनकडून मी ड्रिल मशीन आणलं. ते जिन्यातून नेताना वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी पाहिलं आणि ते मागोमाग आत आले. त्यांनी आयुष्यभर फक्त शिक्के मारले होते, पण सल्ला द्यायला अनुभव लागतो असं त्यांचं मत नव्हतं. “जोर लावा, जोर!” ते खुर्चीत बसून सांगत होते. “विटेला दया दाखवली की ती डोक्यावर बसते.” मी जोर लावला. एकेरी विटेची भिंत ती. लोण्यात सुरी जावी तसं टोक आत गेलं, आणि पलीकडे ‘ट्टांग’ असा आवाज झाला. मग एक घड्याळ ठोके देऊ लागलं. आम्ही मोजले. सतरा झाले.

“सतरा कसे वाजतील?” पोस्टमास्तर म्हणाले, आणि त्यांना अचानक वर दूध तापत ठेवल्याची आठवण झाली.

शेजारी घड्याळवाले काका राहत. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी ते बंद केलं. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन दूरच्या गावी. काका आणि भिंतीवरची अकरा घड्याळं, एवढाच संसार. त्यातलं लंबकाचं मोठं घड्याळ त्यांच्या आजोबांचं. माझं टोक नेमकं त्याच्या पाठीत घुसलं होतं.

काका दारात आले. केसांवर विटेची भुकटी, हातात एक दातेरी चाक. आवाज अगदी शांत होता.

“शोधक, माझ्या घरात काय शोधताय?”

मी त्याच वेळी माफी मागायला हवी होती. आमची ही मागून मला ढोसतसुद्धा होती. पण हातात यंत्र असलेल्या पुरुषाला माफी सुचत नाही. मी म्हणालो, “तसंही ते घड्याळ पाच मिनिटं मागेच असायचं.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या आजोबांना शिवी दिली असती तरी त्यांनी पोटात घातली असती. पण घड्याळ मागे? त्यांनी चपला घातल्या आणि ते जिना उतरले. मी त्यांना समजवायला मागून गेलो, आणि अशा रीतीने फिर्यादी आणि आरोपी एकाच वेळी पोलीस ठाण्यात हजर झाले. हवालदार म्हणाले, अशी सोय त्यांना आजवर कुणी करून दिली नव्हती.

हवालदारांनी काकांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि तासभर सगळं लिहून घेतलं. मग कागद पुढे सरकवून “वाचा आणि सही करा” म्हणाले आणि चहा आणायला गेले. काकांनी खिसे चाचपले. रागात चष्मा घरीच राहिला होता. खिशात होतं फक्त डोळ्याला लावायचं घड्याळजीचं भिंग, आणि त्यातून एका वेळी एकच अक्षर दिसे. दोन ओळी तशा वाचून झाल्यावर ते थकले आणि सवयीने माझ्याकडे वळून म्हणाले, “शोधक, वाचून दाखवा हो जरा.”

माझ्याविरुद्धची फिर्याद मी मोठ्याने वाचायला लागलो. आता मुद्रितशोधकाच्या हातात कागद आला की दुसरा हात आपोआप खिशाकडे जातो, हे ज्यांना माहीत नाही त्यांना मी समजावू शकत नाही. पहिल्या पानावर एकोणीस चुका होत्या. ऱ्हस्व-दीर्घ मी मुकाट्याने दुरुस्त करत गेलो. दुसऱ्या पानावर वाक्य आलं: ‘आरोपीने लोखंडी टोकदार हत्याराने फिर्यादीचे आजोबा फोडले.’

“आजोबा नाही हो,” काका म्हणाले, “आजोबांचं घड्याळ.”

मी ‘आजोबा’वर काट मारली, वर ‘आजोबांचे घड्याळ’ लिहिलं आणि समासात खूण केली. काका समाधानाने मान हलवत होते. तेवढ्यात हवालदार चहा घेऊन परत आले. कागदावरची लाल शाई पाहून त्यांनी कप फायलींच्या ढिगावरच ठेवून दिला.

“हे कुणी केलं?”

“मी,” मी म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला थोडी शाबासकीची अपेक्षा होती.

“अहो, सरकारी कागद आहे हा! आजोबा फोडण्याचं कलम वेगळं, घड्याळ फोडण्याचं वेगळं. तुम्ही आरोपी असून कलम बदललंत!”

घड्याळाचं नुकसान हा एक गुन्हा. माझ्या ड्रिलचं टोक परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरलं, हा दुसरा. आणि सरकारी दस्तऐवजात फेरफार हा तिसरा आणि सगळ्यात भारी. घरून निघालो तेव्हा मी शेजाऱ्याला समजवायला निघालो होतो. परतलो तेव्हा तीन कलमांचा धनी होऊन.

काकांचा राग चार दिवस टिकला. तोही कसाबसा. कारण आमच्या हिने त्यांचा रोजचा डबा बंद केला नव्हता. ज्याच्यावर खटला भरलाय त्याच्याच घरचं दोन वेळ जेवायचं म्हणजे घास घशाखाली उतरायला वेळ लागतो. पाचव्या दिवशी ते रिकामा डबा घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “चला, ती तक्रार परत घेऊन येऊ.”

आम्ही गेलो. हवालदार वैतागून म्हणाले, “काका, तक्रार म्हणजे काय भाडेकरू आहे का, नको झाला म्हणून काढायला? कागद पुढे गेले.”

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, “घड्याळाचं कलम तुम्ही आपापसात मिटवू शकता. घरात शिरण्याचंही. पण लाल शाईचं नाही. तिथे फिर्यादी हे नाहीत, सरकार आहे. खटला उभा राहण्याआधीच तो सगळाच्या सगळा मोडीत काढायचा असेल, तर वरच्या कोर्टात जा.”

“आणि नाही गेलो तर?”

“तर खालच्या कोर्टात सहा महिन्यांनी आरोप ठेवतील. मग सावकाश खटला. सात-आठ वर्षं.”

इथे माझं हसू मावळलं. मुख्य मुद्रितशोधकाची जागा रिकामी व्हायची होती आणि ती माझी होती. व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतलं. माणूस सज्जन. बसा म्हणाले, पाणी दिलं, आणि मग म्हणाले, “कोर्टाने आरोप ठेवले तर बढतीचं सोडाच, मला तुम्हाला घरी बसवावं लागेल. कागदात फेरफार केल्याचा आरोप असलेला मुद्रितशोधक मी कसा ठेवू?” त्यांचं म्हणणं व्याकरणदृष्ट्यासुद्धा निर्दोष होतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावर मुद्रितं कमी यायला लागली. पुढे पुढे फक्त दिनदर्शिका यायच्या. एक ते एकतीस आकडे तपासत मी दिवसभर बसायचो, आणि आजूबाजूचे लोक हळू आवाजात बोलायचे. घरी आमची ही फलकावरच्या सूचना माझ्याआधी जाऊन वाचायची आणि मला जिन्यावरून घाईने वर न्यायची, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

इमारतीत सल्ल्यांना ऊत आला. पोस्टमास्तर, ज्यांचा या गुन्ह्यात निम्मा वाटा होता, ते सांगू लागले, “तुम्ही दोघं बोलताना दिसू नका. साक्षीदार फोडला म्हणून चौथं कलम लागेल.” आम्ही घाबरलो. जिन्यात समोरासमोर आलो की एकमेकांना ओळख न दाखवता भिंतीकडे तोंड करून उभे राहायचो. बोलणं व्हायचं ते भोकातून. पोलिसांनी पंचनामा करून ते बुजवायची मनाई केली होती, कारण तो पुरावा होता. संध्याकाळी मी इकडून कान लावायचो आणि तिकडून काका दिवसभराच्या बातम्या सांगायचे. मी बाजूला झालो की आमची ही तोंड लावून विचारायची, “काका, जेवलात का?” पंधरा वर्षांच्या शेजारात आम्ही एकमेकांशी जेवढं बोललो नव्हतो, तेवढं त्या महिन्यात बोललो.

वरचं कोर्ट दुसऱ्या शहरात, बसने पाच तासांवर. तिथल्या वकीलबाई कागद वाचता वाचता तीनदा उठून खिडकीपाशी गेल्या. मला वाटलं, प्रकरण गंभीर आहे. त्या हसू आवरायला जात होत्या, हे नंतर कळलं. त्यांनी सांगितलं की भांडण मिटलंय हे कोर्टाला दिसायलाच हवं. फिर्यादीने प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि स्वतः हजर राहायचं. म्हणजे पोस्टमास्तरांमुळे आम्ही महिनाभर उगाच भिंतीकडे तोंड करून उभे होतो.

याचिकेत अर्जदार मी होतो, प्रतिवादी क्रमांक एक सरकार आणि क्रमांक दोन काका. काकांचं बिनसलं. “घड्याळ माझं फुटलं आणि मी दोन नंबर? सरकारचं काय फुटलं?” बाईंनी खूप समजावलं. शेवटी मी म्हणालो, “काका, तुम्ही मोठा काटा. एकदा फिरलात तरच सरकार एक घर पुढे सरकेल.” हे त्यांना पटलं. मला स्वतःला आजतागायत त्याचा नीट अर्थ लागलेला नाही.

मग सुरू झाल्या तारखा. पहाटे सहाची बस. काका खिडकीपाशी, मी त्यांच्या शेजारी. ते प्रत्येक थांब्यावर खिशातलं घड्याळ काढून बस किती उशिरा आहे ते सांगायचे आणि मी दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका. आमच्या पुढच्या बाकावरची माणसं उतरताना आमच्याकडे वळून बघायची. डब्यात ही दोघांचं घालायची आणि वर चिठ्ठी ठेवायची: ‘कोर्टात कुणालाही काही दुरुस्त करून देऊ नका.’

पहिल्या तारखेला आमचा क्रमांक एकशे चार होता. एकोणसाठला कोर्ट उठलं. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. तिसऱ्या तारखेला सरकारी वकिलांकडे आमचे कागदच पोचले नव्हते. दर वेळी कोर्टाच्या बाहेरच्या त्या लांबलचक ओसरीत, बाकावर, आम्ही दिवसभर बसलेले. समोर भिंतीवर एक मोठं गोल घड्याळ. काका त्याच्याकडे बघायचे, खिशातल्या घड्याळाकडे बघायचे आणि चुळबुळायचे.

“नऊ मिनिटं मागे आहे.”

“असू द्या काका.”

पुढच्या तारखेला: “दहा झाली.”

“काका, आपला काही संबंध नाही.” हे मी म्हणत होतो! माणूस कोर्टात सुधारतो म्हणतात ते खोटं नाही.

चौथी तारीख. खालच्या कोर्टात आरोप ठेवायला नऊ दिवस उरलेले. आज नाही तर कधीच नाही, असं बाईंनी बजावलेलं. मी आत जागा धरून बसलो, काका बाहेर. अचानक आमचा क्रमांक पुकारला. मी ओसरीत धावलो. बाक रिकामा. कोपऱ्यात दोन सुरक्षारक्षक आणि त्यांच्या मधे, डोळ्याला भिंग आणि हातात पेचकस अशा अवस्थेत, आमचे प्रतिवादी क्रमांक दोन! ते बाकावर चढून कोर्टाचं घड्याळ उघडताना पकडले गेले होते.

“सरकारी मालमत्तेशी छेडछाड!” एक रक्षक मला म्हणाला. ते शब्द ऐकून मला घरच्यासारखं वाटलं.

मी आत परतलो. न्यायाधीशांनी विचारलं, “प्रतिवादी क्रमांक दोन कुठे आहेत?”

“साहेब, आवारातच आहेत,” वकीलबाई म्हणाल्या.

“मग बोलवा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कानात सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. “साहेब, ते सध्या... सुरक्षारक्षकांच्या ताब्यात आहेत.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. काकांना आणलं गेलं.

“काय करत होतात?”

“साहेब, बाहेरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे. मी पहिल्या तारखेपासून बघतोय. इथे येणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघत बसलेला असतो हो. त्याला खरी वेळ तरी कळायला नको?”

“तुम्हाला कुणी सांगितलं होतं ते दुरुस्त करायला?”

“नाही साहेब.”

न्यायाधीश माझ्याकडे वळले. “आणि तुम्हाला, ती फिर्याद दुरुस्त करायला?”

“नाही साहेब. वाचायला सांगितलं होतं.”

“अस्सं,” ते म्हणाले. “जोडी चांगली जमली आहे.”

सरकारी वकील उठले आणि दस्तऐवजाचं पावित्र्य यावर बोलू लागले. न्यायाधीशांनी त्यांना मूळ वाक्य वाचायला सांगितलं. त्यांनी ते आधी मनात वाचलं, घसा खाकरला आणि मग मोठ्याने वाचलं. आजोबा फोडले जाताच मागच्या बाकांवर खसखस पिकली.

“आजोबा हयात आहेत का?” न्यायाधीशांनी काकांना विचारलं.

“नाही साहेब. माझ्या जन्माआधीच गेले.”

“म्हणजे अर्जदाराने ती दुरुस्ती केली नसती तर सरकारला एका खुनाचा तपास करावा लागला असता.” सरकारी वकील खाली बसले. न्यायाधीश मात्र आता हसत नव्हते. “काका, नीट विचार करून सांगा. तुम्ही हे मिटवताय ते तुमच्या मर्जीने? कुणाचा दबाव नाही ना?”

“आहे साहेब.”

बाईंच्या हातातली लेखणी तशीच राहिली.

“कुणाचा?”

“यांच्या बायकोचा.”

“काय म्हणतात त्या?”

“रोज भिंतीतून विचारते, काका, जेवलात का.” काकांनी भिंग मुठीत घट्ट धरलं होतं. “मी एकटा असतो, साहेब. त्या दिवशी रागात ठाण्यात गेलो. हवालदारांनी खुर्ची दिली, सगळं ऐकलं, एकेक शब्द लिहून घेतला. मला बरं वाटलं हो. इतकं कुणी ऐकलं नव्हतं पुष्कळ दिवसांत. म्हणून जरा जास्तच सांगितलं गेलं माझ्याकडून. यांचा काही दोष नाही. भोक पाडलं, तेवढाच.”

मी खाली मान घालून उभा होतो. पंधरा वर्षं माझ्या भिंतीपलीकडे हा माणूस राहिला आणि मी त्याच्या दारावरच्या पाटीतलं ‘घडयाळ’ तेवढं दुरुस्त करून आलो होतो.

न्यायाधीशांनी थोडा वेळ कागद चाळले आणि निकाल सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटांत तिन्ही कलमं आणि खालच्या कोर्टातली सगळी कारवाई रद्द झाली. शेवटी ते रक्षकांना म्हणाले, “यांना शिडी द्या. घड्याळ लावल्याशिवाय जाऊ देऊ नका.”

निकालाची प्रमाणित प्रत हातात आली तेव्हा तिच्यात माझं वय एकोणपन्नासऐवजी चौऱ्याण्णव छापलेलं होतं. वकीलबाईंनी माझ्या खिशातलं पेन आधीच काढून घेतलं होतं.

परतीच्या बसमध्ये आम्हाला आनंद व्हायला हवा होता. काकांनी पहिल्या दोन थांब्यांवर खिशातलं घड्याळसुद्धा काढलं नाही. मग म्हणाले, “म्हणजे आता पुढच्या महिन्यात नाही.”

“नाही,” मी म्हणालो. डबा उघडलाच गेला नव्हता. आम्ही तो उघडला आणि जेवलो.

मला बढती मिळाली. गवंडी येऊन भोक बुजवून गेला. पुढच्याच वर्षी काकांच्या मुलीने त्यांना हट्टाने तिच्या गावी नेलं, आमच्यापासून दहा तासांवर. महिना-दीड महिना मला रिकामं रिकामं वाटलं. मग त्यांचं पत्र आलं. पोस्टकार्डावर दोनच ओळी: ‘वरचं कोर्ट दोघांनाही बरोबर मध्यावर पडतं. घड्याळ बघायला जाणार आहे. येताय का?’

त्यानंतर नऊ वर्षं, वर्षातून एकदा, आम्ही त्या ओसरीतल्या बाकावर भेटत होतो. कोर्टाचे शिपाई आम्हाला ओळखायला लागले. नव्या माणसाने विचारलं, “तुमचं प्रकरण कुठे आहे?” तर काका अभिमानाने सांगत, “रद्द झालं!” दिवसभर बसायचं, चिंतेने काळवंडलेल्या माणसांना धीर द्यायचा, चहा प्यायचा आणि संध्याकाळच्या आत आपापली बस धरायची.

मग त्यांचे गुडघे गेले. म्हणून एका वर्षी मी आणि ही पूर्ण दहा तासांचा प्रवास करून त्यांच्या मुलीकडे गेलो. दार तिनेच उघडलं. मी तिला लग्नानंतर पाहिलं नव्हतं. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं, तिचा चेहरा उजळला, आणि आतल्या खोलीकडे वळून ती आनंदाने ओरडली,

“बाबा, उठा! तुमचे आरोपी आलेत!”